एकच आकडा पुरेसा नाही
(आजी-आजोबांचा रक्तदाब मोजताना)

‘शंभर अधिक वय’ हे सूत्र आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. माणसाचे वय पन्नास असेल तर त्याचा वरचा रक्तदाब दीडशे, वय सत्तर असेल तर एकशे सत्तर. एवढा असला म्हणजे काळजीचे कारण नाही, असे हे सूत्र सांगते. सूत्र लक्षात ठेवायला सोपे आहे, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले.

आता अशी कल्पना करा. तुमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. वय ७२. एस.टी.ने तालुक्याच्या गावी आले, दवाखान्याचा जिना चढले, गर्दीत तासभर बसले आणि आत गेल्याबरोबर त्यांचा रक्तदाब मोजला गेला. तो भरला १७२/७८. जुन्या सूत्राप्रमाणे शंभर अधिक बहात्तर म्हणजे बरोबर १७२, तेव्हा सारे ठीक! उलट, त्या एकाच आकड्यावर विश्वास ठेवला तर गोळ्यांचा डोस ताबडतोब वाढवायला हवा. यांपैकी खरे काय? या लेखाच्या शेवटी आपण गुरुजींकडे परत येऊ. त्याआधी, आपण नेमके काय मोजतो, हे पाहायला हवे.

दाब म्हणजे किती?

रक्ताचा दाब प्रथम मोजला तो एका इंग्रज धर्मोपदेशकाने. त्याचे नाव स्टीफन हेल्स. त्याने घोडीच्या धमनीत (काही पुस्तकांत हिलाच रोहिणी म्हटले आहे) पितळी नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली. काचेच्या नळीत रक्त ८ फूट ३ इंच, म्हणजे सुमारे अडीच मीटर चढले. १७३३ साली त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. पूर्ण उंचीवर पोचल्यावरही रक्ताची पातळी स्थिर राहिली नाही. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती दोन ते चार इंच वर-खाली होत राहिली. म्हणजे रक्तदाब ही हलती राशी आहे, हे पहिल्याच मोजमापात दिसले होते.

अडीच मीटर उंचीची नळी सोयीची नाही. म्हणून १८२८ साली फ्रान्समध्ये प्वाझय याने पारा भरलेली वाकडी नळी वापरली. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने स्तंभाची उंची खूपच कमी झाली. तेव्हापासून आपण रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतो. २०१३ सालच्या मिनामाता करारानंतर पाऱ्याची यंत्रे टप्प्याटप्प्याने हद्दपार होत आहेत, पण एकक मात्र तेच राहिले आहे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना येथे एक गणित घालता येईल. १२० मि.मी. पाऱ्याइतका दाब रक्ताचा किती उंच स्तंभ तोलून धरील? पाऱ्याची घनता १३.६ आणि रक्ताची १.०६ धरली तर १२० × १३.६ ÷ १.०६, म्हणजे सुमारे १५४० मि.मी. साधारण दीड मीटर. आपले हृदय दर ठोक्याला रक्त एवढ्या उंचीवर फेकू शकेल इतका जोर लावत असते.

पट्टा आणि आवाज

माणसाच्या धमनीत रोज नळी घालता येत नाही. त्यावर युक्ती काढली इटलीतील रिव्हा-रोच्ची या डॉक्टरने, १८९६ साली. त्याने दंडाभोवती हवेचा पट्टा गुंडाळला आणि मनगटावरची नाडी लागेनाशी होईपर्यंत तो फुगवला. त्या वेळचा पट्ट्यातील दाब म्हणजे धमनीतील सर्वात जास्त दाब. या रीतीने फक्त वरचा दाब कळत असे. त्याचा पट्टा फारच अरुंद होता, त्यामुळे आकडे जास्त येत. हा दोष १९०१ साली फॉन रेकलिंगहाउझेन याने दाखवून दिला आणि पट्टा रुंद झाला.

पुढचे पाऊल टाकले रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह याने, १९०५ साली. त्याने पट्ट्याच्या खाली, कोपराच्या घडीत स्टेथोस्कोप ठेवला. पट्टा पूर्ण आवळलेला असताना आवाज नसतो, कारण धमनी मिटलेली असते. दाब हळूहळू कमी केला की एका क्षणी ‘टक् टक्’ ऐकू येऊ लागते. मिटलेल्या धमनीतून प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त जोराने निसटू लागलेले असते. हा वरचा, म्हणजे आकुंचन-दाब. दाब आणखी उतरवला की धमनी कोणत्याही क्षणी मिटत नाही, रक्त अखंड वाहते आणि आवाज नाहीसा होतो. हा खालचा, म्हणजे प्रसरण-दाब.

वयस्कर माणसांत येथे एक फसगत होऊ शकते. काहींच्या बाबतीत आवाज सुरू होतो, मध्येच काही अंतर नाहीसा होतो आणि पुन्हा सुरू होतो. पट्टा पुरेसा फुगवला नसेल तर मापणारा त्या मधल्या शांततेतच सुरुवात करतो आणि दुसऱ्यांदा आलेला आवाज पहिला समजतो. वरचा दाब मग बराच कमी नोंदला जातो. उपाय रिव्हा-रोच्चीचाच आहे: आधी मनगटाची नाडी हाताने पाहावी, ती बंद पडते त्याच्या ३० मि.मी. वर पट्टा फुगवावा आणि मगच कान लावावा.

घरोघरी आलेली स्वयंचलित यंत्रे आवाज ऐकत नाहीत. धमनीच्या स्पंदनाने पट्ट्यातील हवेत जी थरथर होते, ती ती मोजतात आणि त्यावरून दोन्ही आकडे हिशेबाने काढतात. नाडी नियमित असेल तर हा हिशेब चांगला जमतो. म्हातारपणी काहींची नाडी अनियमित होते. अशा वेळी दोन मोजमापांत बराच फरक पडू शकतो, म्हणून तीन मोजमापे घ्यावीत आणि नाडी अनियमित असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

वय झाले की नळी ताठ होते

गुरुजींचे आकडे पुन्हा पाहा. वरचा १७२, पण खालचा ७८. वरचा इतका जास्त आणि खालचा अगदी बेताचा, असे का?

करून पाहा. प्लॅस्टिकच्या ताठ नळीचे एक टोक पाण्याच्या नळाला जोडा आणि दुसऱ्या टोकाला ड्रॉपरची काचेची चोच बसवा. नळ बारीक सोडा आणि नळाजवळच्या भागात नळी चिमटीत धरून ठोक्यांप्रमाणे दाबा, सोडा. चोचीतून पाणी तुटक येईल. धार, खंड, धार, खंड. आता नळी मधोमध कापा आणि दोन्ही बाजूंनी कापलेला लांबट फुगा मध्ये दोऱ्याने घट्ट बांधा. पुन्हा तसेच करा. आता फुगा प्रत्येक धक्क्याला फुगतो आणि नळी दाबलेली असताना हळूहळू आकसतो. त्यामुळे चोचीतून पाणी जवळजवळ अखंड येत राहते.

हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी या फुग्यासारखी वागते. हृदय आकुंचन पावले की ती ताणली जाऊन धक्का सोसते, म्हणून वरचा दाब फार चढत नाही. हृदय सैल पडले की ती आकसून रक्त पुढे ढकलते, म्हणून खालचा दाब फार पडत नाही. वाढत्या वयाबरोबर तिच्या भिंतीतील लवचिक तंतू झिजतात, त्यांची जागा कडक तंतू घेतात आणि फुग्याची नळी होते. मग वरचा दाब चढतो आणि खालचा उतरतो. म्हणूनच साधारण पन्नाशी-साठीपर्यंत दोन्ही दाब वाढताना दिसतात, पण पुढे वरचा वाढत राहतो आणि खालचा कमी होऊ लागतो.

म्हणजे ‘वयाबरोबर दाब वाढतो’ हे निरीक्षण बरोबर होते. चूक होती ती ‘म्हणून तो निरुपद्रवी आहे’ या निष्कर्षात. डोक्यावरचे केस पिकतात आणि त्याने काही बिघडत नाही. पण डोळ्यांत मोतीबिंदूही वयानेच होतो आणि त्यावर आपण उपचार करतो.

हा वाद प्रयोगाने सुटला. अमेरिकेत साठीच्या पुढच्या ४७३६ लोकांवर एक मोठी चाचणी झाली. या सर्वांचा वरचा दाब १६० किंवा त्याहून जास्त, पण खालचा ९० च्या आत होता. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषधहीन गोळी दिली. १९९१ साली निकाल आला. पाच वर्षांत औषधहीन गटातील दर शंभरांपैकी सुमारे आठ जणांना पक्षाघाताचा झटका आला, औषध घेणाऱ्यांत सुमारे पाच जणांना. २००८ साली तर ऐंशीच्या पुढच्या ३८४५ लोकांवर केलेल्या चाचणीत औषधाने मृत्यूंचे प्रमाणही घटल्याचे दिसले. ‘शंभर अधिक वय’ हे सूत्र आता इतिहासजमा करायला हरकत नाही.

आकडा कशाने हलतो?

उपचार हवेत हे ठरले, पण कोणावर आणि किती? ते मापावर ठरणार, आणि माप तर हलते आहे. काय काय केल्याने हलते ते पाहू.

हात. हृदयाच्या पातळीपेक्षा दंड १० सें.मी. खाली असला तर तेवढ्या रक्तस्तंभाचा दाब त्यात मिळतो. गणित वरच्यासारखेच: १०० × १.०६ ÷ १३.६, म्हणजे जवळजवळ ८ मि.मी. खुर्चीशेजारी हात लोंबता ठेवून मोजले तर आकडा उगाच वाढतो. विद्यार्थ्यांना हे हातावरच दाखवता येते. हात खाली सोडला की मागच्या बाजूच्या शिरा फुगतात, डोक्याच्या वर नेला की त्या बसतात.

पट्टा. तो दंडाला साजेसा हवा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा जास्त येतो, वाळलेल्या दंडावर फार मोठा बांधला तर कमी येतो.

बोलणे, पायावर पाय टाकून बसणे, पाठीला टेकण नसणे, लघवीला लागलेली असणे, नुकताच चहा किंवा तंबाखू झालेली असणे. या प्रत्येकाने दाब काही मि.मी. चढतो. जिना चढून आल्यावर तर चढतोच.

आणि डॉक्टर. पांढरा कोट समोर दिसला की कित्येकांचा दाब वर जातो. याच्या उलटही घडते. दवाखान्यात दाब ठीक आणि घरी मात्र जास्त, असेही लोक असतात आणि ते सहज नजरेतून सुटतात.

मोजण्याची रीत किती महत्त्वाची आहे, याचे एक उदाहरण पुरेसे होईल. २०१५ साली अमेरिकेत ९३६१ लोकांवरच्या चाचणीत असे दिसले की, वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या आत आणण्याचा प्रयत्न केल्यास हृदयविकार आणि मृत्यू कमी होतात. त्याचबरोबर दाब फार उतरणे आणि भोवळ येणे हे प्रकार वाढले. पण तेथे १२० हा आकडा कसा मोजला होता? रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने, तीन मोजमापांची सरासरी काढून. तोच १२० जिना चढून आलेल्या माणसाच्या घाईघाईने घेतलेल्या मापाशी कसा ताडायचा? रीत बदलली की आकड्याचा अर्थही बदलतो.

घरची वही

यावर तोडगा आपण विज्ञानाच्या तासाला नेहमी सांगतो तोच आहे: मोजमाप एकदा करू नका, अनेकदा करा, परिस्थिती दर वेळी सारखी ठेवा, सरासरी काढा.

यंत्र दंडाला बांधायचे असावे, तपासून प्रमाणित केलेले असावे आणि वर्षातून एकदा डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहावे. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजावे आणि ज्यावर आकडा जास्त येतो तो पुढे नेहमी वापरावा. सकाळी लघवी करून, चहा-नाश्ता आणि औषध घेण्यापूर्वी, संध्याकाळी जेवणापूर्वी. पाच मिनिटे टेकून, न बोलता बसावे. पाय जमिनीवर, दंड टेबलावर हृदयाच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोन मोजमापे घ्यावीत आणि जो आकडा येईल तो तसाच लिहावा. ‘हा काही बरोबर वाटत नाही’ म्हणून गाळू नये. असे सात दिवस करावे. पहिला दिवस सवयीचा म्हणून सोडून द्यावा आणि बाकीच्यांची सरासरी काढावी.

दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची रेषा मानली जाते (अमेरिकेतील २०१७ च्या मार्गदर्शिकेने ती १३०/८० वर आणली). १४०/९० शी जुळणारी घरच्या सरासरीची रेषा १३५/८५ आहे. घरी माणूस निवांत असतो, म्हणून ती थोडी खाली.

आपल्या कल्पनेतील गुरुजींनी अशी वही ठेवली असे समजू. दुसऱ्या ते सातव्या दिवसाचे वरच्या दाबाचे आकडे असे:
सकाळ: १४६, १४२, १५०, १४४, १४८, १४६
संध्याकाळ: १३८, १४२, १३६, १४०, १४४, १४०

सकाळची सरासरी १४६, संध्याकाळची १४०, एकूण १४३. सगळ्यात कमी १३६, सगळ्यात जास्त १५०. दवाखान्यातील १७२ या संपूर्ण यादीत कोठेच नाही. तरीही १४३ हा आकडा १३५ च्या वर आहे. म्हणजे दाब वाढलेला आहे, पण दिसला होता तितका नाही.

उभे राहूनही मोजा

आपण झोपेतून उठून उभे राहिलो की अर्धा लीटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. मान आणि महाधमनी यांतील दाब ओळखणारी चेतातंतूंची टोके हे लगेच मेंदूला कळवतात. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि काही क्षणांत दाब सावरतो. म्हातारपणी ही यंत्रणा मंदावते. त्यात दाबाची, लघवी जास्त होण्याची किंवा प्रोस्टेटची औषधे चालू असली, पाणी कमी प्यायले गेले असले, की दाब सावरायला वेळ लागतो. आजोबा रात्री उठतात, दोन पावले टाकतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. पुढे काय होते ते आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिले आहे. मांडीचे हाड मोडते आणि चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते.

बसून घेतलेल्या मापात याचा मागमूस लागत नाही. म्हणून आडवे किंवा बसून एकदा, मग उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजावे. शेजारी कोणी तरी असावे आणि धरायला आधार असावा. वरचा दाब २० किंवा खालचा १० मि.मी.ने उतरला, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. भोवळ येत नसली तरीही. काही वयस्करांचा दाब भरपेट जेवणानंतरही उतरतो. दुपारच्या जेवणानंतर गरगरत असेल तर त्या वेळीही एक माप घ्यावे.

समजा, गुरुजींचा दाब बसून १४४/७४ आणि उभे राहिल्यावर एका मिनिटाने ११८/६६ भरला. घसरण २६ मि.मी. आता चित्र पुरे झाले. ‘शंभर अधिक वय’ मानून स्वस्थ बसले असते तर पक्षाघाताचा धोका तसाच राहिला असता. १७२ या एकाच आकड्यावर गोळ्या वाढवल्या असत्या तर उभे राहताना दाब आणखी उतरला असता. वही पाहून डॉक्टर दोन्ही टाळू शकतात: कोणती गोळी, किती, कोणत्या वेळी, हे ते सावकाश ठरवतील आणि पुन्हा वही मागतील. हा निर्णय त्यांचाच. वहीतील आकडा बरा दिसला म्हणून गोळी आपली आपण बंद करू नये, जास्त दिसला म्हणून दुप्पट घेऊ नये.

एक अपवाद लक्षात ठेवा. दाब १८०/१२० च्या वर गेला आणि त्याबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा एका अंगातली शक्ती जाणे यांपैकी काहीही असेल, तर सरासरी काढत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. हातपाय, तोंड किंवा वाचा यांत असा बदल दिसला तर दाबाचा आकडा पाहण्यासाठीही थांबू नका. असा काही त्रास नसेल, नुसताच आकडा मोठा आला असेल, तर पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजा. तो तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

वर्गासाठी

आठवड्याचा एक छोटा प्रकल्प देता येईल. ज्यांच्या घरी आजी किंवा आजोबा आहेत आणि यंत्रही आहे, त्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या परवानगीने सात दिवसांची वही ठेवावी. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी वर दिलेल्या गुरुजींच्या आकड्यांचा आलेख काढावा. सकाळ-संध्याकाळची सरासरी वेगळी काढावी, कमाल-किमान पाहावे. दुसऱ्याच्या घरचे आकडे वर्गात मोठ्याने वाचू नयेत, हेही त्यांना सांगावे. ती त्या आजी-आजोबांची खासगी बाब आहे. शेवटी एक प्रश्न विचारावा: या यादीतील कोणताही एकच आकडा चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांकडे नेला असता, तर ते काय समजले असते?

मोजमापाचा धडा आपण व्हर्नियर कॅलिपर आणि स्टॉपवॉच घेऊन शिकवतो. मुलांना तो कोरडा वाटतो. तोच धडा आजीच्या दंडाला पट्टा बांधून शिकला, तर ‘अनेक वाचने घ्या, सरासरी काढा’ हे वाक्य परीक्षेपुरते राहणार नाही.